खरडलेली हिरवळ आणि दातीर आप्पांचं तप

मंडळी, सावध होऊन ऐका! या भूतलावर सर्वांत कठीण तप कोणतं? एका पायावर उभं राहणं? चारी बाजूंनी अग्नी पेटवून मध्ये बसणं? बारा वर्षं मौन? — मौन म्हटल्याबरोबर पुरुषवर्ग बायकांच्या बाजूला का बघायला लागला? — नाही मंडळी, नाही! ही सगळी तपं ऋषींनी केली. जे एकाही ऋषीच्या वाट्याला आलं नाही, ते तप म्हणजे — महिनाभर लॉनवर पाय न ठेवणं!

हसलात? हसा. पण प्रश्न साधा नाही. आपल्याच हातानं ज्याला जखम केली, भल्यासाठी केली, त्याची सेवा मग कशी करायची? काहीतरी करून — की काहीच न करून?

तर संगमनेरच्या बाहेर एक कॉलनी. मध्ये दत्ताचं देऊळ, देवळापुढं हिरवळ. ती लावली होती दातीर आप्पांनी. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर पाणी सोडलं, बंद केलं, पुन्हा सोडलं. असा माणूस निवृत्त झाला म्हणून स्वस्थ बसतो का? मंदाकाकूंना विचारा! मंदाकाकू म्हणजे त्यांची पत्नी. वर्षापूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण मऊ जमिनीवर. सबंध कॉलनीत मऊ जमीन कुठली? एकच! ही हिरवळ. रोज सकाळी अनवाणी दहा फेऱ्या. त्या दहा फेऱ्यांवर काकूंचं चालणं, आणि काकूंच्या चालण्यावर आप्पांचा चहा!

पण गेल्या हिवाळ्यात हिरवळ कळाहीन दिसायला लागली. रखमाजी माळी आला, बसला, बोटं खुपसली. खाली वाळलेल्या काड्यामुळ्यांची गादी, चार बोटं जाड! पाणी वरच्यावर, मुळं तहानलेली.

"आप्पा, गवत मेलं नाही, गुदमरलंय. खरडून काढावं लागंल."

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी लोखंडी दाताळं घेऊन दोघं भिडले. दोन दिवसांत अकरा पोती काडी निघाली! आणि हिरवळ? मंडळी, मुंजीत न्हावी अर्धी हजामत करून चहाला गेला आणि परत आलाच नाही — तशी दिसत होती.

तेवढ्यात कॉलनीतलेच कुलथे आले. कुलथ्यांनी नवी गाडी घेतलेली, लांबीला अंमळ जास्त. त्यांच्या मनात केव्हापासून — हिरवळ काढावी, पेव्हर ब्लॉक टाकावेत, गाड्या लावाव्यात.

"आप्पा, ही हिरवळ होती की तुमचा जुना वैरी?"

"येईल पुन्हा. महिनाभर थांबा."

"थांबू की! चैत्रात कॉलनीची सभा आहेच. तोवर हिरवं दिसलं तर ठीक. नाहीतर ब्लॉक."

आप्पांनी मान डोलावली. घरी येऊन काकूंच्या गुडघ्याकडं बघितलं, आणि तडक रखमाजीला गाठलं.

रखमाजीनं नियम सांगितले. चाळलेलं शेणखत आणि वाळू पातळ भुरभुरवायची. सकाळी पाण्याचा हलका तुषार. माती ओली राहावी, चिखल नको. पाय नाही, कात्री नाही. "आणि सारखं बघायचं नाही."

"बघितलं तर काय बिघडतं रे?"

"बघितलं की माणूस कायतरी करतो, आप्पा."

काय तोलामोलाचं बोलला! — पेटीवाले, एक सूर द्या माळ्याला!

आप्पांनी चारी बाजूंनी दोरी बांधली आणि दोरीबाहेर खुर्ची टाकून बसले. पण कॉलनी बसू देते का? आजारी दिसलं की आपल्याकडं प्रत्येकजण वैद्य! एक आले, "ताक घाला, उष्णता झालीय." दुसरे आले, "चुना टाका." एक बाई देवाचं तीर्थ शिंपडून गेल्या. ते मात्र आप्पांनी चालू दिलं — थोडंच होतं, आणि पाणीच होतं!

चार दिवस गेले. सहा गेले. माती तशीच! आठव्या दिवशी दुपारी सगळी कॉलनी डुलकीत असताना आप्पा हळूच निघाले. हातात पिशवी. पिशवीत काय? युरिया! एक पाय दोरीच्या आत, एक बाहेर — आणि मागून आवाज,

"अहो!"

मंडळी, या एका शब्दापुढं भले भले थिजतात.

"काय आहे त्या पिशवीत?"

"काही नाही गं. थोडी ताकद देतो त्याला."

"ताकद? या उन्हात जाळून टाकाल! माझा गुडघा शिवला होता तेव्हा काय केलंत? रोज पट्टी उचलायची, बघायचं, 'मंदा, अजून लालच आहे!' डॉक्टर ओरडले तेव्हा थांबलात. एवढा उघडलेला गुडघा भरला, आणि गवत भरणार नाही?"

"अगं, पण नाही आलं तर तू चालणार कुठं?"

काकू म्हणाल्या, "गच्चीवर सतरंजी टाकून चालेन. द्या ती पिशवी इकडं."

आप्पा परत खुर्चीवर. बसणं काय असतं, ते आता त्यांना कळायला लागलं! सकाळी तुषार, मग बसणं. काही न करता. पाटबंधारे खात्याचा माणूस!

आणि पाडव्याला — कोंब! एक. दोन. दुपारपर्यंत शंभर! आप्पांनी गुढीला नमस्कार केला तो हिरवळीकडं तोंड करून.

पण थांबा! तीन दिवस गेले, विनायकी चतुर्थी आली. आप्पा सकाळी झारी घेऊन बाहेर येतात तर काय? दोरीच्या कडेला ओणवं होऊन कुणीतरी कोवळे शेंडे खुडतंय! आप्पा ओरडले, "कोण आहे तिथं!" — आणि वळून बघतंय कोण?

मंदाकाकू!

जिनं पिशवी हिसकावली, तीच! ओंजळीत एकवीस दूर्वा!

"अगं, तूसुद्धा?"

"ओरडता काय? गणपतीला कोवळ्या दूर्वा नकोत? एकवीसच घेतल्यात. पायसुद्धा आत टाकला नाही मी!"

"दूर्वा? ती विलायती जात आहे! कॉलनीभर सांगितलंय मी!"

एवढ्यात रखमाजी आला. आप्पांना घाम! रखमाजीनं वाकून बघितलं, हसला. "काकूंनी काम हलकं केलं. आता शेंडा खुडला की बाजूनं फुटतं. आणि आप्पा, विलायती कसली? हराळीच हाय ही, म्हंजे दूर्वाच."

आठवडाभरात हिरवळ भरली, मंडळी! काकूंनी खुडलं होतं तिथं तर सर्वांत दाट! दोरी सुटली. काकूंनी पहिलं पाऊल टाकलं, आणि आप्पांचा इतक्या दिवसांचा अडकलेला श्वास मोकळा झाला. सभेच्या दिवशी सकाळी कुलथे आले. चपला काढल्या, दोन पावलं चालले, घुटमळले. म्हणाले, "आप्पा, गाडी काय हो, गेटबाहेरही उभी राहते."

आता तुमच्याकडं येतो. आपणही घरात कुणाला तरी खरडलेलं असतं. भल्यासाठीच! मुलाला बोललो, सुनेला बोललो. आणि संध्याकाळपासून मागं लागतो, "रागावलास का? अजून रागावलास?" उचल पट्टी, बघ! उचल पट्टी, बघ! अहो, हलकं पाणी शिंपडा. दोरी बांधा. आणि बाहेर खुर्ची टाकून बसा! फुटणारं फुटतं. त्याला तुमची घाई नको, तुमचा पाय नको!

कुणीतरी विचारणारच, बुवा, त्या सभेत काय ठरलं?

सभेला सात माणसं आली. गणपूर्ती झाली नाही. सभा तहकूब झाली.