दादाचा पासवर्ड

आ करा — मोठा — अजून. हं. आता बोलू नका, जिभेला लागेल. मघाशी बाहेर फोनवर बोललात ते सगळं ऐकलं मी — मुद्दाम नाही हो, तुमचा आवाजच दाराला दाद देत नाही. ‘क्रिप्टोत रिस्क आहे, पण मोजून घेतलीय.’ मोजून! कशानं मोजलीत, फूटपट्टीनं? अहो, दाढेतली कीड पार नसेला भिडली तरी तुम्हाला पत्ता नाही, आणि जे नाणं हातात धरता येत नाही त्याचा उद्याचा भाव तुम्हाला कळणार! दुखतंय? नाही दुखत, बधिर केलंय.

आमच्या दादानं घेतलं होतं ना — माझा सख्खा मोठा भाऊ. जन्मभर बँकेत कर्ज नाकारायच्या खुर्चीत बसला. माणूस दारातून आत आला की चालण्यावरून सांगायचा, हा बुडवणार. आणि रिटायर झाल्यावर स्वतःच निम्मा फंड नेऊन ओतला त्या कॉइनमध्ये! मी म्हटलं, अरे, धोका? तर मलाच धोक्याचे प्रकार समजावत बसला — भाव पडेल, सरकार बंदी घालेल, कंपनी गाशा गुंडाळेल — प्रत्येकावर तोडगा तयार. भाव चढला तसा हाही चढला. शेजारी मयताला गेला तर तिथंही सल्ले! मग आपटला भाव. दादाचे सल्ले बंद. विचारलं की ‘लांबचा पल्ला आहे, तुला नाही कळायचं.’ त्यातच त्याला झटका आला — डावं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत. आणि गंमत बघा, हा अंथरुणाला खिळला आणि भाव उठून बसला, पहिल्यापेक्षा वर!

मग काय, चिरंजीव हजर. माझा भाचा हो — बापाचा फोन आला की ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणणारा, तो बायकोला घेऊन आला तो मुक्कामालाच. सूनबाई चमच्यानं सूप भरवते. ‘बाबा, कॉइनच्या खात्याचा पासवर्ड आठवतोय का?’ दादा डोळे मिटून म्हणतो, ‘येतोय... अगदी जिभेवर आहे... उद्या.’ की लगेच उशी सारखी होते, पाय चेपले जातात. आजच्या भावानं किती झाले ते भाचा मोठ्यानं सांगतो, आणि बाप समाधानानं मान डोलावतो.

थुंका. चूळ भरा. परत आ.

लोचट आहेत दोघं, मी म्हणतेच. पण मागच्या महिन्यात दादाचा दात हलायला लागला म्हणून मी घरी गेले. ती दोघं बाजारात. दात बघता बघता म्हटलं, ‘आठव रे बाबा एकदाचं, पोरांचं भलं होईल.’ तर माझा हात तोंडातून बाजूला केला आणि स्वच्छ म्हणाला, ‘तिथं काही नाही गं. भाव तळाला गेला तेव्हाच विकून टाकलं मी. घाबरलो.’ घाबरला! लोकांची पत जोखण्यात हयात गेली, स्वतःची छाती जोखायची राहिली. ‘पासवर्ड तोंडपाठ आहे,’ म्हणतो, ‘पण सांगितला तर ही दोघं मिळेल त्या गाडीनं परत जातील.’

आता भाच्याला सांगायला हवं, नाही? नोकरी सोडून बसलाय गाढव. बापाच्या कॉइनच्या जिवावर घराचा विसार देऊन आलाय, वर मित्रांना उपदेश करत फिरतो. सांगितलं असतं हो — पण मग दादाला उचलायचं, बसवायचं, पुसायचं कोणी? मी? दिवसभर इथं उभं राहून माझे गुडघे बोलायला लागतात. नाही जमणार मला. भाऊ आहे, माया आहे, पण नाही जमणार. म्हणून मीही विचारते त्यांच्यासमोर, ‘काय दादा, आठवलं का?’ चांगलं लांब तोंड करून विचारते.

झालं, भरली दाढ. चावून बघा. टोचत नाही ना? मग ठीक. बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, नाहीतर गाल चावाल. आणि ते पैसे ठेवा गुमान बँकेत. तुम्ही पहिल्यांदाच आलात ना इकडे? कोणी सुचवलं? मी काही पाटी सोडून जाहिरात करत नाही. काय? हळू बोला, जीभ जड आहे तुमची, कळत नाही. — कोण? — ‘माझ्या आत्याकडे जा’ म्हणाला?

— बसा. बसा म्हणते ना. आणि तो फोन आधी खाली ठेवा.