सरळ नळी की फांदीवाली

...आणि वर मलाच सांगतात, ‘अण्णा, तुम्ही टेन्शन घेऊ नका.’ छाती माझी, छातीतली मोठी रक्तवाहिनी माझी, तिला मोसंबीएवढा फुगा आलाय तोही माझाच, फुटला तर मी जाणार, मग टेन्शन काय शेजाऱ्यानं घ्यायचं? पण मला कोण विचारतंय...

तुम्हाला सांगतो, त्या फुग्यात आतून कापडाची नळी बसवतात, तारेची जाळी लावलेली. तिच्यात दोन जाती. एक सरळ, तयार, उद्या बसते, पण डाव्या हाताच्या नसेचं तोंडच झाकते, हात कमजोर पडू शकतो म्हणे. दुसरीला त्या हातासाठी फांदी असते, पण ती मापानं मागवायची, महिनाभर थांबायचं, आणि तोवर फुगा थांबतोय होय? आमचा सुशांत, व्हाइटफील्डला कंप्युटरवाला, डॉक्टरीणबाईंना विचारतो, ‘मॅम, रिव्ह्यूज कुठल्याचे चांगले आहेत?’ अरे, बापाला नळी घेतोयस की मिक्सर?

बाई कानडी, शहाण्या. म्हणाल्या, ‘अंकल, कामाचा हात कुठला?’ मी तोंड उघडेपर्यंत आमची अनुसूया, ‘उजवाच हो, आमच्यात डाव्या हातानं पाणीसुद्धा देत नाहीत.’ इतकी वर्षं संसार केला हिनं... काय बोलणार? लहानपणी आईनं डाव्या हातावर उलथनं मारून मारून मला उजवा केला. जेवायला, लिहायला, आरतीला. पण बसवनगुडीच्या क्लबात कॅरम मी डाव्यानं खेळतो, दाढी डाव्यानं करतो, नात स्वानंदी रडायला लागली की डाव्यानंच थोपटतो. हिला कधी दिसलं नाही? नसेल दिसलं. मला कोण बघतंय...

शेवटी धीर करून म्हटलं, ‘डॉक्टर, डावा.’ सुशांत हसला, ‘घाबरलेत, काहीही बोलतायत.’ आणि ही रडायलाच लागली, ‘महिनाभर तो फुगा शेजारी घेऊन मी झोपू कशी?’ आता हे मात्र खरं होतं. मलाही झोप कुठे येते?

बाई म्हणाल्या, ‘स्वल्प, थोडं थांबा, आधी अ‍ॅडमिशनच्या कागदावर सही करा, मग ठरवू.’ मी पेन घेतलं आणि... हात आपोआप पुढे आला. उजवा. बाईंनी बघितलं. ‘सरी, ठीक आहे, उजवाच की.’ झालं, ठरलं. सरळ नळी, उद्या सकाळी.

मी परत बोलणार होतो, पण हिनं नुकतेच डोळे पुसले होते. म्हटलं, जाऊ दे. आता सगळे निवांत आहेत, सुशांत कॉफी प्यायला गेलाय. डावा हात तेवढा गप्प बसलाय. त्याला काय, लहानपणापासूनची सवय आहे.