बेचाळीस नंबरचा गुडघा

तुम्हीच बेचाळीस ना? नाही हो, वय नाही विचारत, वय दिसतंय — बेचाळीस नंबर, टपालवाले, रविवारी सकाळी आठ वाजता बस टर्मिनसच्या शेवटच्या बाकावर, खांद्याला झोळी, डोक्यावर उन्हाची टोपी — हो, म्हणजे तुम्हीच. बसा, बसा, उठू नका. म्हणजे उठायचंच आहे तुम्हाला, पण आधी ऐका. मी तिची मुलगी. हो, एकुलती एक. ती काही आज इथे येत नाही. — छे, तिला काय धाड भरलीये, ठणठणीत आहे ती! आजारी तुम्ही आहात. तुमचा उजवा गुडघा सुजलाय. सकाळी साडेसहाला तुम्ही घरच्या फोनवरून फोन केलात, आई अंघोळीला गेली होती म्हणून मी उचलला, आणि तुम्ही म्हणालात की गुडघा पार आखडलाय, आजचं फिरणं रद्द. — तुम्ही नाही केलात हे मला माहीत आहे. मलाच माहीत नसेल तर कुणाला असणार? मीच केला ना तो फोन. म्हणजे केलाच नाही. नुसतं आईला सांगितलं. इतक्या काळजीच्या आवाजात सांगितलं की मला स्वतःलाच तुमच्या गुडघ्याची दया आली.

असं बघू नका माझ्याकडे. मला वाटलं होतं ती म्हणेल, बरं, राहिलं, चल आपण दोघी आरामात चहा घेऊ. मी खिडकीपाशी दोन खुर्च्यासुद्धा मांडल्या होत्या. पण तिने काय केलं? आधी तुमच्या घरी फोन लावला. तुम्ही उचलला नाहीत — कसे उचलणार, तुम्ही निघाला होतात इकडे यायला! आणि मोबाईल तुम्ही बाळगत नाही. का बाळगत नाही? आजच्या काळात? — ते जाऊ दे. तर तुम्ही फोन उचलला नाहीत, म्हणून बाईसाहेबांनी ठरवलं की तुम्हाला पलंगावरून उठताच येत नसणार. एकटा माणूस आहे, म्हणाली, पाणी द्यायला कुणी नाही. मला काय माहीत तुम्ही एकटे असता? मला वाटलं असेल घरी कुणीतरी, सून-बिन. तिने कपाटातून पट्टी काढली, मलम काढलं, गरम पाण्याची रबरी पिशवी काढली — ती माझी आहे, माझ्या कंबरेसाठी आणलेली — आणि पायात बूट घालून गेली. तुमच्या घरी. एकोणीस नंबरच्या बसने. आणि मी टॅक्सी करून इकडे.

आता कळलं? ती तुमच्या दारात पोहोचणार, दाराला कुलूप. कडी-कुलूप असतं ना तुमच्या दाराला बाहेरून? — नसतं? आतलंच, ओढलं की बसणारं? झालं! म्हणजे तिला वाटणार तुम्ही आत पडलेले आहात. माझी आई म्हणजे — आत्ताआत्तापर्यंत आवाज न चढवणारी बाई — ती शेजाऱ्यांना गोळा करून दार फोडून घेईल, सांगून ठेवते. म्हणून म्हणते, तुमच्या घराकडची बस येईल ती पकडा, मागच्या बाजूने वगैरे आत शिरता येत असेल तर शिरा, गुडघ्याला काहीतरी गुंडाळा आणि पडून राहा. उजव्या. — टॅक्सी? मी आले ती गेली, आणि रविवारी या टोकाला दुसरी मिळत नाही, बघितलं मी. बस किती मिनिटांनी आहे? — अकरा. बघा, तुम्हाला वेळा तोंडपाठ. तिलाही पाठ झाल्यात हल्ली.

हो, फोन करू शकते मी तिला. आहे माझ्याकडे फोन, हा बघा. आणि काय सांगू? आई, परत ये, मी खोटं बोलले? सोपं आहे म्हणायला. तुम्हा मोठ्या माणसांना सगळं सोपं वाटतं, करायची वेळ दुसऱ्यावर आली की.

मला तुमचा राग नाही. — आहे, थोडा आहे. नाही म्हणजे बघा ना, सोळा महिने झाले आई-बाबांच्या घटस्फोटाला. वकील कुणी शोधली? मी. दोन खोल्यांचं घर कुणी शोधलं? मी. दुसऱ्या शहरातली चांगली नोकरी, मैत्रिणींबरोबरचं घर, सगळं सोडून कोण आलं? मला वाटलं, आता आई माझी. तिला शहर दाखवीन. तेवीस वर्षं घर ते टपाल कचेरी आणि टपाल कचेरी ते घर, तिने काय पाहिलंय? पहिल्याच महिन्यात मी तिला त्या उंच इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेले, तिथे कॉफी मिळते, सगळं शहर पायाखाली, मी म्हटलं, बघ आई! तर ती कठड्यापाशी उभी राहिली, बोट करून म्हणाली, ते सतरा, त्याच्यामागे एकतीस, आणि तो चिमणीवाला भाग चार. मला वाटलं बाईला चक्कर आली.

तुम्हाला सांगायला नको, तुम्ही त्यातलेच. पण मला तेव्हा माहीत नव्हतं की छाननीच्या खोलीत तिच्यासमोर ते लाकडी कपाट होतं, सात ओळी, ओळीत दहा खण, प्रत्येक खण एका पोस्टमनचा, आणि पहाटेपासून ती उभ्याने पत्रं टाकायची — हे एकतीसला, हे चारला. अख्ख्या शहरातली एकेक गल्ली तिला ठाऊक, कुठल्या गल्लीत वाटाण्याएवढ्या अक्षरात पत्ता लिहिणारी म्हातारी राहते तेही ठाऊक, आणि एकाही गल्लीत तिने कधी पाऊल टाकलेलं नाही. आता मशीन करतं ते, आई बसते खिडकीवर पाकिटं विकायला. तर घटस्फोट झाल्यावर माणूस काय करतं? केस कापतं, रडतं, योगासनं करतं. माझ्या आईने ठरवलं की वरच्या ओळीतल्या डावीकडच्या पहिल्या खणापासून सुरुवात करायची आणि दर रविवारी एक खण पायी बघायचा. क्रमाने! एक नंबर बंदराकडे, दोन नंबर रेल्वे कारखान्यामागे, तीन परत बंदराच्या पलीकडे. शहाण्या माणसाने शेजारचे भाग एकत्र केले असते. मी नकाशा काढून दिला, रंगीत, सोयीचा, पाच रविवार वाचत होते. म्हणाली, छान आहे गं, आणि घडी करून ठेवून दिला. आणि तिने तुम्हाला हा बेत सांगितला तेव्हा तुम्ही म्हणे काय म्हणालात? ‘बरोबर आहे, क्रम मोडायचा नाही.’ एवढंच. बस्स, झालात तुम्ही जगातले सगळ्यात समजूतदार गृहस्थ!

ती तुमच्या अक्षरावरून तुम्हाला ओळखते, हे काय आहे? मी तिची पोटची पोर, माझं अक्षर तिला लागत नाही. तुम्ही निवृत्त झाल्यावर कसलासा फॉर्म घेऊन खिडकीवर आलात, तिने फॉर्म बघितला आणि तोंड वर न करता म्हणाली, तुम्ही बेचाळीस. एकोणीस वर्षं एकाच इमारतीत आणि एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, ती पहाटेची, तुम्ही नंतरचे. नुसत्या त्या चिठ्ठ्या. चुकीच्या खणात पडलेल्या पत्राला टाचणी लावून परत पाठवायच्या. — वाचल्या मी, हो, वाचल्या. विजेच्या बिलांच्या पिशवीत होत्या, मी बिल शोधत होते. — नव्हते शोधत बिल. चिठ्ठ्याच शोधत होते. ‘छाननीबाई, ही गल्ली माझी नाही, एकवीसला द्या.’ ‘बेचाळीस, तुमच्या गल्लीत बारा नंबरच्या घरानंतर एकदम एकोणीस कसं?’ आणि त्याच चिठ्ठीवर खाली तुमचं उत्तर, ‘येऊन बघा.’ प्रेमपत्र असतं तर मी समजून घेतलं असतं, खरंच सांगते. प्रेमात माणसं वेडी होतात, त्याचं काही नाही. पण ‘येऊन बघा’! माझ्या आईला कुणी म्हटलं नव्हतं हो तसं. बाबांनी नाही. आणि मी तर म्हणत होते, चल, दाखवते.

आणि मग ती येते संध्याकाळी. बूट काढते, पाय पाण्यात सोडून बसते आणि एकटीच हसते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, अगं, तेवीसमध्ये एका भिंतीला ओळीने चार दारं आहेत आणि चारही दारांमागे घरच नाही, पण पत्रं यायची तिथे, दर महिन्याला, आणि बेचाळीस म्हणाले — आणि परत हसायला लागली. मी म्हटलं, काय म्हणाले? तर म्हणाली, जाऊ दे, तुला नाही कळायचं, तिथे असायला हवं होतं. तिथे असायला हवं होतं! मला! हे शहर माझं आहे हो, मी जन्मले इथे, मला इथल्या सगळ्या जागा माहीत, कुठे काय चांगलं मिळतं, कुठे कधी गर्दी नसते. आणि परवा घाईत होतो तर ती मला एका बोळातून घेऊन गेली, दोन मिनिटांत बाहेर मोठ्या रस्त्यावर. पंचवीस वर्षांत मला तो बोळ दिसला नव्हता. ती पुढे, मी मागे. लहान मुलीसारखी. मला हेवा वाटतो असं समजू नका. — बरं, समजा. काय फरक पडतो.

विचारलं का तिने मला? विचारलं ना. पहिल्या रविवारी विचारलं, येतेस का. मी म्हटलं, आई, रविवारी सकाळी सातला कोण उठतं? दुसऱ्या रविवारी विचारलं, मी पांघरूण डोक्यावर घेतलं. तिसऱ्या वेळी तर ती माझ्या दारात बूट घालूनच उभी होती, आणि मी म्हटलं — काय म्हटलं ते जाऊ दे. म्हटलं, म्हातारपणी कसली ही खुळं. एक्कावन्न म्हणजे काही म्हातारपण नव्हे, कळतं मला. चौथ्या वेळी तिने विचारलं नाही. मी जागी होते. गजर लावला होता मी. पडून ऐकत होते, आता विचारेल, आता विचारेल. ती दार न वाजवता ओढून गेली, माझी झोप मोडू नये म्हणून.

एकदा तरी जास्त विचारायचं ना माणसाने. आईने तरी.

नाही, पाणी नको. आहे माझ्याकडे. — किती झाली, सहा मिनिटं? तुम्ही मनात काय म्हणताय ते मला दिसतंय. की मुलीला आई सुखात बघवत नाही. तसं नाहीये. तिला सुखात बघायचं म्हणून तर मी एवढी भांडले! तुम्हाला माहीत नाही आमचं घर कसं होतं. बाबा मारायचे-बिरायचे नाहीत, दारू नाही, आवाज नाही. लोक म्हणायचे, देवमाणूस. बाबा फक्त फोन उचलायचे. आईच्या मैत्रिणीचा फोन आला की बाबा पुढे होऊन उचलायचे आणि सांगायचे, तिला जरा बरं नाही, ती नाही येऊ शकणार. कचेरीतल्या बायका सहलीला निघाल्या, बाबांनी सांगितलं, तिची पाठ धरलीये. मावशीकडे बारसं, आईला ताप. आई आत भांडी घासत असायची, धडधाकट! तिला नंतर कळायचं. आणि बाबा इतक्या काळजीने बोलायचे की समोरच्याला वाटायचं, किती जपतो हो बायकोला. मी दहा वर्षांची असल्यापासून ऐकलंय ते. एकदा मी ओरडले, आईला काही झालेलं नाही, तर बाबा म्हणाले, मग काय झालं, आज रविवार आहे, आपण सगळे घरीच बसू की छान, मी खुर्च्या मांडतो गॅलरीत —

— नाही. काही नाही. थांबा जरा.

थांबा म्हटलं ना. बोलू नका काही.

मी तसं नाही केलं. मी एकदाच केलं. तेही तुमच्या गुडघ्याचं, तिच्या कशाचं नाही. ते वेगळं असतं ना? वेगळं असतं की नाही? — तुम्ही हो तरी म्हणा नाहीतर नाही तरी म्हणा, असे टोपी हातात घेऊन काय बसलात!

ही तुमची बस. हीच ना? — मग चढा की. चढा, सुटेल ती! — का नाही? अहो, ती तिकडे दार ठोकत असेल, घाबरली असेल, तुमच्या नावाने हाका — तुमचं नाव तरी माहीत आहे का तिला, का तिथेही बेचाळीस बेचाळीस ओरडत बसेल? — जा ना. — ठीक आहे. गेली. बघा, गेली बस. आता पुढची कधी? तुम्हाला काय, तुम्ही बसाल निवांत.

हा वाजतोय. माझाच. तिचाच आहे. — नाही, तुम्ही नका घेऊ, हात मागे घ्या, माझा फोन आहे. तुम्ही घेतलात तर तुम्ही मला सांभाळून घ्याल, मला दिसतंय तुमच्याकडे बघून, म्हणाल गैरसमज झाला, पोरीने नीट ऐकलं नसेल. नको. तेच नकोय मला. वाजू दे दोन क्षण. — हो, घेते! पण तुमच्यासमोर नाही. काय बघताय? उठा, तिकडे त्या खांबापाशी जाऊन उभे राहा. आणखी पलीकडे. तोंड तिकडे करा.

हॅलो, आई —