कपाळाचं बोलणं

डॉक्टर : पण नको का, ते तरी सांगा. टाके परवाच घातलेत. इंजेक्शन द्यायचं तर याच दोन-चार दिवसांत, नंतर उपयोग कमी.

मुलगी : गाठ निघाली, साधी निघाली, मला एवढं पुरे. व्रण राहिला तर राहू दे.

डॉक्टर : बरोबर दोन भुवयांच्या मध्ये आहे तो. तिथले स्नायू सारखे ओढले जातात, जखम ताणते, व्रण रुंद होतो. या इंजेक्शनातल्या बोट्युलिनमनं ते स्नायू तीन-चार महिने झोपून राहतात. बऱ्याच जणांचं मग बारीक रेघेवर भागतं. विष म्हणतात त्याला, पण एवढ्याशा मात्रेत घाबरायचं काही नाही.

मुलगी : विषाला कोण घाबरतंय! डॉक्टर, ही माझी आई. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलतो, आणि निम्मं कपाळानं. भुवया उचलल्या तर ‘जेवलीस?’ नाही उचलल्या तर नुसतं ‘जेवलीस.’

डॉक्टर : चार महिन्यांचीच तर गोष्ट आहे. मग सगळं पहिल्यासारखं.

मुलगी : तिच्याकडे चार महिने नाहीत. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना दाखवतो आम्ही तिला. फार तर दोन, म्हणाले. पंधरा दिवस झाले, तिला सांगितलेलं नाही. तुम्ही तिच्याकडे बघू नका, ती चेहऱ्यावरून ओळखते.

डॉक्टर : बरं.

आई : (हातांनी) यांनी मान का खाली घातली?

मुलगी : काही नाही गं. टाक्यांचं चाललंय.

आई : थापा मारू नकोस. बाहेर त्या सुईचा कागद दिला होता, वाचलाय मी. माझ्यासाठी नको म्हणतेस ना?

मुलगी : नंतर बोलू, आई.

आई : नंतर कधी? त्यांना सांग, मी काय म्हणते ते.

डॉक्टर : काय म्हणतायत?

मुलगी : म्हणतेय... थांबा जरा.

डॉक्टर : सावकाश.

मुलगी : म्हणतेय, ‘वरच्या डॉक्टरांनी हिला काय सांगितलं, ते मला त्याच दिवशी हिच्या कपाळावर दिसलं. तेव्हापासून रोज दिसतंय. सकाळी चहा देते तेव्हासुद्धा.’

डॉक्टर : म्हणजे त्यांना माहीत होतं.

मुलगी : आणि मी तिच्या गोळ्या रोज खोकल्याचं औषध म्हणून देतेय तिला.

आई : रडू नकोस, टाके ताणतील. ते कपाळ जरा गप्प बसू दे. तू हातांनीच विचार. बोबडं वाटेल, पण लहानपणी बोबडंच बोलायचीस की. कळायचं मला.

मुलगी : आई, पण...

आई : पुढे आरशात बघशील, तेव्हा तो व्रण माझ्या नावावर नको.

डॉक्टर : काय ठरलं?

मुलगी : द्या इंजेक्शन.

डॉक्टर : डोळे मिटा.

मुलगी : मिटले तर ती काय बोलतेय ते दिसायचं नाही.

डॉक्टर : मग राहू देत उघडे. काय बोलतायत?

मुलगी : विचारतेय, ‘हिला दुखेल का?’

डॉक्टर : थोडंसं.

मुलगी : मी तिला ‘नाही’ सांगितलंय.