मडकंभर फटकी

काजल : काय म्हणालात, काकू? मडक्यात सगळी फटकीच टाकली?

भिकुबाई : मंग! बाया काय येड्या शेतस का? चांगली लाल मिरची मडकामा टाकी देवानी?

काजल : अहो, मी काय सांगितलं होतं? दिवस सुखात गेला तर संध्याकाळी लाल मिरची टाका, नाही गेला तर ती पांढरी पडलेली फटकी!

भिकुबाई : सांगं व्हतं ना. पन माल तुन्हाच शे, माय. इकाना माल सडाना का मडकामा? म्हनीसन आम्ही अकरा जनी महिनाभर फटकीच टाकी.

काजल : अरे देवा! विकायची मिरची वाचवायला फटकी! आणि मी ती फटकी मोजून, तुमच्या हातात सारखा मोबाईल बघून काय काढलं, तर मोबाईलनं माझ्या मिरचीच्या शेडमधल्या बायांचं सुख खाल्लं! तेच सांगायला लोणखेड्याच्या या कॉलेजात आलेय. सोमवारपासून शेडमध्ये मोबाईल बंद करणार होते.

भिकुबाई : म्हनीसन तर सांगी ऱ्हायनू. दुपारले एक वाजता मन्ही पोर रुपा सुरतहून फोन लावस, नात दखाडस. परवा तिना पहिला दात देखा. एक मोबाईल आन अकरा मुंडकी! हाशी हाशी पोट दुखनं. ते बी बंद करशी का तू?

काजल : म्हणजे मोबाईलनं सुखच मिळतं?

भिकुबाई : सुख कसानं! रातले एकली बठीसन दुसरानं सोनं, दुसरानी लगनं देखस, तधय जीव जळस मन्हा.

योगेंद्र : काजल मॅडम, चला! हॉल भरलाय. रनाळ्याची मिरची ऑनलाइन देशभर विकणारी बाई इंटरनेटबद्दल काय बोलते, ते ऐकायला पोरं खिडकीत बसलीत.

काजल : आलेच, योगेंद्र सर. काकू, पडद्यावर आकडे तयार आहेत. खोटे निघाले हे कुणाला कळणार आहे?

भिकुबाई : मले मालूम शे ना.

काजल : ...मग चला. तुम्हीही स्टेजवर चला.

भिकुबाई : मी? ओ माय!

(तासाभराने, हॉलच्या दाराशी. आत अजून टाळ्या चालू आहेत.)

योगेंद्र : मॅडम, दरवर्षी पाहुणे बोलावतो, पण असा हॉल नाही पाहिला! पहिल्याच वाक्याला म्हणालात, 'माझं सगळं मोजमाप फटकी निघालं', तिथेच पोरं तुमची झाली.

काजल : माझी कुठली, काकूंची! काकू काय म्हणाल्या, मोबाईल एकटीनं बघितला की जळवतो, अकरा जणींनी बघितला की हसवतो. गावोगाव भाषणं देत फिरले, पण इतकं सरळ मला कधी सांगता आलं नाही. फार फार आनंद झालाय हो!

भिकुबाई : आन सोमवारनं काय?

काजल : बंदी रद्द! एक वाजता काम थांबवायचं. भिंतीवर मोठा पडदा लावू, नात त्यावर बघा.

भिकुबाई : इतला मोठा दात?

योगेंद्र : तळोद्याच्या मुलींच्या वसतिगृहातून फोन आलाय. त्यांनाही हेच भाषण हवंय. पत्रिकेवर तुमचंच नाव ना, मॅडम?

काजल : वर काकूंचं. माझं खाली.

योगेंद्र : बरं. 'भिकुबाई' एवढंच लिहू?

भिकुबाई : नही, सर. पुरं लिखा. भिकुबाई पितांबर पाटील.