तिकिरी बंडांची चप्पल

मी दिंगिरी मेनिके, पती तिकिरी बंडा, वय ६७, धंदा कमळाची फुले विकणे, राहणार पराक्रम समुद्र तलावाच्या बांधाखालची वसाहत, पोलोन्नरुवा, ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

माझे पती, वय ७४, त्याच तलावाच्या पाणी सोडायच्या दारांवर नोकरीला होते. दोन वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा आजार आहे. माझे नाव आठवत नाही, पण पाणी किती चढले ते रोज विचारतात. जरा नजर चुकली की "दारं उघडायची राहिलीत" म्हणत बाहेर पडतात.

म्हणून चार महिन्यांपासून मी त्यांची चप्पल सरपणामागे लपवते. उन्हात वाट तव्यासारखी तापते. अनवाणी गेले की दहा पावलांत पाय भाजतात आणि मला शिव्या घालत माघारी येतात. ही युक्ती आजवर फसली नव्हती.

काल पोसोन पौर्णिमेचा बौद्ध सण होता. पोतगुल विहाराच्या पडक्या भिंतींपाशी माझा फुलांचा ठेला असतो. जावयाच्या रिक्षाने त्यांना सोबत नेले. सणाची पांढरी लुंगी, पांढरा सदरा मीच त्यांना घातला, चप्पल सरपणामागेच राहू दिली. सुमारे साडेअकराला गिऱ्हाइकाला फुले देऊन वळले तर ते जागेवर नव्हते. मी घाबरले नाही. शेजारच्या सोमावतीला म्हणाले, "जातायत कुठे, येतील बोंबलत." आम्ही दोघी हसलो.

सणाला भाविकांचे पाय पोळू नयेत म्हणून विहारापासून बांधावरच्या मोफत जेवणाच्या मांडवापर्यंत काथ्याच्या ओल्या चटया अंथरतात. चाळीस वर्षे मी त्या बघते. काल त्या माझ्या ध्यानात आल्या नाहीत.

पाऊण तासाने शोधायला उठले. हजारो माणसे, सगळी पांढऱ्या कपड्यांत, सगळी अनवाणी. पाठमोरा प्रत्येक म्हातारा मला आमचाच वाटला. पाच-सहा जणांचे हात धरले. मांडवात सरबत वाटणारी बाई म्हणाली, "एक आजोबा येऊन गेले खरे. म्हणाले, लवकर द्या बाई, दारं उघडायचीत."

"अगं, भर उन्हात अनवाणी म्हातारा, थांबवलं नाहीस?"

"आजी, आज चप्पल कोणाच्या पायात आहे?"

तिचे काही चुकले नाही.

अंधार पडेपर्यंत जावई आणि कोळी होड्या घेऊन फिरले. मिळाले नाहीत. तलाव काठोकाठ आहे. मला पोहता येत नाही, मी बांधावर नुसती उभी होते.

हवालदारांनी विचारले, अंगावर काय होते? पांढरे कपडे. पायात? काही नाही. ओळखायची खूण? डाव्या अंगठ्याचे नख काळे आहे, बाकी सांगण्यासारखे काही नाही.

मुलगी चंद्रलता सोबत आहे. ती म्हणाली, "आई, चपलेचं कशाला लिहायला सांगतेस? लोक काय म्हणतील?" आज पहाटे मी चप्पल उंबऱ्याबाहेर काढून ठेवली आहे, तोंड रस्त्याकडे करून.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात चप्पल लपवल्याचे गाळले होते. ते माझ्या सांगण्यावरून पुन्हा लिहिले. आता बरोबर आहे, म्हणून सही करते.