ज्याचा माल त्याचीच गाडी

मंडळी,

मला बोलायची सवय नाही. पंचवीस वर्षं मी आपल्या हळद संस्थेच्या आवक खिडकीवर बसतोय. तिथे नाव विचारायचं, गाव विचारायचं, पोती लिहायची. त्यापलीकडे बोलायची वेळ येत नाही. आज तुम्ही सगळे अविनाशसाठी जमलात. त्याचे वडील लिंबाजीभाऊ तांड्यावरून येऊन समोर बसलेत. त्यांच्याकडे बघून बोलणं फार अवघड आहे. पण बोलतो.

आधीच्या वक्त्यांनी सांगितलं, पोरगं हुशार होतं, काळाच्या पुढे होतं, आपला भागच त्याच्या कामाला तयार नव्हता. मंडळी, हे खोटं आहे. भाग तयार होता. आम्ही तयार नव्हतो.

अविनाश नांदेडला इंजिनिअर झाला. पुण्यात वर्षभराचं प्रशिक्षण घेतलं आणि एका सल्लागार कंपनीत लागला. कागदावर चालणारं काम संगणकावर कसं आणायचं, हे संस्थांना सांगायचं आणि बसवून द्यायचं, ही त्याची नोकरी. आपल्या संस्थेचं काम कंपनीकडे गेलं, तेव्हा त्याने ते मागून घेतलं. मला म्हणाला, "साहेबाला म्हणलं, माझ्या जिल्ह्यातलं हाय, मलाच द्या."

हंगाम सुरू व्हायचा होता. यार्ड रिकामं होतं. तीन आठवडे तो माझ्या शेजारी स्टूल टाकून बसला. लॅपटॉप बंद, हातात वही. मी चिडवलं, "इतका शिकलास, अन् वहीत लिहून राहिला?"

तो हसला. "काका, आमाला ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट घोटून घेतली. जो काम करतो त्याचंच ऐकायचं. आपल्या मनाचं घालायचं न्हाई."

त्याने आमचं ऐकलं. तेच त्याचं चुकलं.

एक दिवस त्याने विचारलं, "काका, आमच्या तांड्यावरून एका टेम्पोत चार-पाच घरांची हळद यायची. पोत्याच्या तोंडाला ज्याच्या त्याच्या घरची चिंधी बांधलेली. ते तुमी कसं लिहिता?"

खिडकीत आम्ही तिघं होतो. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "ते बंद झालं रे. आता ज्याचा माल त्याचीच गाडी."

"बराबर?"

"बराबर."

त्याने वहीत लिहिलं.

बंद झालं नव्हतं. निम्मी आवक आजही तशीच येते, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मग मी तसं का सांगितलं? संगणक आला की खिडकीवर एकच माणूस ठेवणार, अशी कुजबुज होती. आणि दुसरंही आहे. कुठली चिंधी कुणाच्या घरची, हे आम्हाला तोंडपाठ. त्यासाठी लोक आम्हाला साहेब म्हणत. ते सगळं यंत्रात गेलं, तर आम्हाला कोण विचारणार? एवढीशी गोष्ट, मंडळी. एवढ्याशा गोष्टीसाठी.

हंगामाच्या पहिल्या दिवशी फाटकापासून रस्त्यापर्यंत टेम्पो उभे राहिले. संगणक एका गाडीला एकच नाव घेत होता. पाच घरांचा माल ड्रायव्हरच्या नावावर चढू लागला. लोक अविनाशच्या अंगावर गेले. "ए लॅपटॉपवाल्या, माझी पोती डायवरच्या नावावर काहून? त्यो काय माझा जावई हाय?" लोक हसले. आम्हीही हसलो. तिसऱ्या दिवशी रजिस्टर परत निघालं.

त्या दुपारी तो खिडकीशी आला. आवाज चढवला नाही. "काका, तुमी त बंद झालं म्हणले होते."

मी रजिस्टरमध्ये बघत राहिलो.

त्याने कंपनीला अहवाल दिला. त्याची प्रत संस्थेला आली, मीच फाईलला लावली. त्यात लिहिलं होतं, 'माहिती घेण्यात माझ्याकडून चूक झाली.' आमचं नाव कुठेच नव्हतं. त्याला सगळं कळलं होतं, तरी नव्हतं. कंपनीने त्याला पुन्हा काम दिलं नाही. पुढे राजीनामा मागितला.

मग तो हिंगोलीला आला. झेरॉक्सच्या दुकानावर खोली घेतली, सल्लागार म्हणून पाटी लावली. शाळा, पतसंस्था, डाळमिल, सगळीकडे फिरला. पण लोक चौकशी कुठे करणार? आपल्या संस्थेतच ना? ते फोन माझ्याकडे यायचे. "पोरगं कसं हाय?" मी म्हणायचो, "पोरगं चांगलं आहे, पण..." पुढचं सांगावं लागायचं नाही. त्या 'पण'वर मी त्याचं दोन वर्षांचं काम बुडवलं.

गेल्या आठवड्यात औंढ्याच्या रस्त्यावर अपघातात तो गेला. एका डाळमिलवरून नकार घेऊन परत येत होता. त्या मालकाचा फोन मला आदल्या दिवशी आला होता. मी काय बोललो असेन, ते तुम्हाला आता सांगायला नको.

लिंबाजीभाऊ, लोक तुम्हाला म्हणत असतील, पोरानं कंपनीची नोकरी घालवली. त्याने नाही घालवली. मी घालवली. तुमचं लेकरू त्याच्या कामात पक्कं होतं. त्याने बरोबर प्रश्न विचारला होता. उत्तर खोटं होतं, आणि ते माझं होतं. मी माफी मागत नाही. तेवढं तोंड मला नाही.

आता शोकप्रस्ताव वाचला जाईल आणि आपण उभे राहून तो मंजूर करू. तो मीच सकाळी टाइप केला. त्यात एक वाक्य आहे, 'त्यांनी उभारलेली यंत्रणा यशस्वी होऊ शकली नाही, तरी त्यांची तळमळ मोठी होती.' अध्यक्ष साहेब, ते वाक्य काढा. त्या जागी लिहा, 'आवक विभागाने त्यांना खोटी माहिती दिली.' खाली माझी सही घ्या. बाकी दोघांनी आपलं आपण ठरवावं.

हे लिहून झालं, की मग दोन मिनिटं उभे राहू. त्याआधी नको.